समेवाचून अवकाश

१९७४ साली अमेरिकेतल्या ‘इम्पल्स’ कंपनीने एक एलपी बाजारात आणली. नाव ‘इंटरस्टेलर स्पेस’, म्हणजे ताऱ्यांच्या मधलं अवकाश. पहिल्या बाजूला ‘मार्स’ आणि ‘व्हीनस’, दुसऱ्या बाजूला ‘ज्युपिटर’ आणि ‘सॅटर्न’. मंगळ, शुक्र, गुरू आणि शनी अशा चार रचना, मिळून सुमारे छत्तीस मिनिटं. वाजवणारे दोघंच: टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि ड्रम्सवर रशीद अली. पियानो नाही, बास नाही, ट्रम्पेट नाही. ध्वनिमुद्रण झालं २२ फेब्रुवारी १९६७ या एका दिवसात. त्यानंतर पाच महिने पुरे व्हायच्या आत, १७ जुलैला, यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन गेला. वय अवघं चाळीस. ही तबकडी लोकांच्या हाती पडेपर्यंत त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

या प्रकारच्या संगीताला ‘फ्री जॅझ’ म्हणतात आणि त्याची ख्याती फारशी चांगली नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आरडाओरडा वाटतो. ज्याला सुरात वाजवता येत नाही त्याने काढलेली ही पळवाट आहे, असंही काही जण म्हणतात. ‘इंटरस्टेलर स्पेस’ मन लावून ऐकली तर हा समज टिकत नाही. संगीत ज्या आधारांवर उभं असतं ते एकेक करून काढून घेतले, तर शेवटी काय उरतं? उरतं एकमेकांना ऐकणं, आणि तेवढ्यावर संगीत उभं राहू शकतं. या तबकडीने ते दाखवून दिलं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी ते आधार कोणते हे पाहायला हवं.

जॅझचा सांगाडा

नेहमीचं जॅझ आवर्तनावर चालतं. बारा किंवा बत्तीस मापांचा एक साचा असतो. त्यातल्या प्रत्येक मापाला कोणता स्वरसंघ, म्हणजे कोणती ‘कॉर्ड’, हे ठरलेलं असतं. सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक वादक त्याच साच्यावरून पुन्हा पुन्हा फिरत नवनवी सुरावट रचतो, आणि शेवटी मूळ धून परत येते. बास चालत्या पावलांसारखे स्वर देत राहतो. ड्रम्सवाला मोठ्या झांजेवर ठरावीक चाल धरतो आणि पायाने दाबायची जोडझांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटवतो. त्यामुळे वादक कितीही लांब भरकटला तरी आपण साच्यात कुठे आहोत हे त्याला आणि ऐकणाऱ्याला कळत असतं. आपल्याकडे ठेका चालू असताना सम कुठे येणार हे कानाला आधीच समजतं, तसाच हा भरवसा.

या सांगाड्यावर कोल्ट्रेनइतकी हुकमत फार थोड्यांची होती. १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये त्याने सप्तकाचे तीन समान भाग करून तीन वेगळ्या पट्ट्या घेतल्या आणि अतिद्रुत लयीत त्यांच्यात उड्या मारणारी रचना बांधली. कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की त्या रचनेवर वाजवणं आजही सॅक्सोफोनच्या विद्यार्थ्यांसाठी परीक्षाच असते. त्याच्या वादनातल्या स्वरांच्या दाट सरींना समीक्षक आयरा गिटलर यांनी ‘शीट्स ऑफ साउंड’ म्हटलं होतं, ते १९५८ मध्ये, म्हणजे याच्याही आधी. ज्याने नियम इतके पचवले होते, त्याने ते बाजूला ठेवले तेव्हा ते अज्ञानापोटी नक्कीच नव्हतं.

त्याच १९५९च्या वसंतात तो माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्येही वाजवत होता. तिथे दिशा नेमकी उलटी होती. कॉर्ड कमी करायच्या आणि एकाच स्वरमालेवर बराच वेळ राहायचं. एकीकडे गर्दीची कमाल, दुसरीकडे मोकळीक. कोल्ट्रेनने पुढे मोकळीक निवडली. १९६०च्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये त्याने एका साध्या गाण्यातला छोटा तुकडा पसरवून त्यावर लांबलचक बढत केली. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात त्याने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. तिच्यात दोन बास खालचा सूर धरून ठेवतात आणि वर सॅक्सोफोन फिरतो. षड्ज धरून ठेवणारा तानपुरा ज्यांच्या कानात आहे त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येते. ही केवळ आपली कल्पना नाही. कोल्ट्रेन भारतीय संगीत आस्थेने ऐकत होता, रविशंकरांना भेटला होता, त्यांच्याकडे शिकायचा त्याचा विचार होता. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. तो रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे.

आधार काढताना

कॉर्डचा साचा सरळ सोडून देण्याचं धाडस आधी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने केलं. १९५९च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये त्याचा पियानो नसलेला चमू वाजवू लागला आणि जॅझच्या जगात दोन तट पडले. डिसेंबर १९६० मध्ये त्याने ‘फ्री जॅझ’ हीच तबकडी केली. दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या कानात, दुसरी उजव्या. पुढे या साऱ्या प्रवाहाला तिचंच नाव पडलं.

कोल्ट्रेन या वाटेवर आला तो थोडा उशिरा, पण पूर्ण ताकदीने. डिसेंबर १९६४ मध्ये त्याने ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित केली. पियानोवादक मॅकॉय टायनर, बासवादक जिमी गॅरिसन आणि ड्रमर एल्व्हिन जोन्स यांच्यासोबतच्या त्याच्या प्रसिद्ध चौकडीचं ते शिखर. सहाच महिन्यांनी, २८ जून १९६५ रोजी, त्याने स्वतःसह अकरा वादक गोळा करून ‘असेन्शन’ केली. सुमारे चाळीस मिनिटांचा सलग झंझावात, एलपीच्या दोन बाजूंवर तोडून बसवलेला. तो त्या दिवशी दोनदा वाजवला गेला होता. आधी एक आवृत्ती विक्रीला आली. कोल्ट्रेनची पसंती दुसरीला होती, म्हणून नंतर त्याच क्रमांकाने आणि त्याच कव्हरात दुसरी आवृत्ती दाबली गेली. कोणती प्रत हाती आली हे कळायचं एकच साधन: लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत ‘एडिशन टू’ हे शब्द कोरलेले आहेत का ते पाहणं. ‘असेन्शन’ची जुनी प्रत हाती घेतलेला संग्राहक आजही आधी ती पट्टी उजेडात धरतो.

१९६५च्या उत्तरार्धात कोल्ट्रेनने दुसरा ड्रमर म्हणून रशीद अलीला सोबत घेतलं. फिलाडेल्फियाचा हा तरुण ठेका धरत नसे, ठेक्याच्या सगळ्या बाजूंनी एकदम वाजवत असे. वर्ष संपता संपता टायनर बाहेर पडला, १९६६च्या आरंभी एल्व्हिन जोन्सही गेला. पियानोवर कोल्ट्रेनची पत्नी अॅलिस आली, दुसऱ्या सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स होता. जुने चाहते दुरावत होते. मैफली लांबत होत्या, ओळखीची धून तासभर ओळखू न येईल अशी उलगडत होती. याच वाटेवर पुढे २२ फेब्रुवारी १९६७ हा दिवस आला.

एंगलवुड क्लिफ्सचा तो दिवस

न्यूजर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ आहे. १९५९ साली बांधलेल्या या वास्तूला लाकडी तुळयांचं उंच, चर्चसारखं निमुळतं छत आहे. व्हॅन गेल्डर आधी चष्म्यांसाठी डोळे तपासायचं काम करी आणि आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रणं करी. पुढे जॅझच्या शेकडो तबकड्या त्याच्या हातून गेल्या. ‘अ लव्ह सुप्रीम’ याच छताखाली झाली होती.

रशीद अलीने पुढे अनेकदा सांगितलेली हकिगत अशी: तो स्टुडिओत पोचला आणि बाकीचे वादक कुठे आहेत म्हणून विचारू लागला. कोल्ट्रेनने सांगितलं की आज आपण दोघंच. तालीम झाली नव्हती, समोर कागद नव्हता. कोल्ट्रेनने छोट्या घंटा हातात घेऊन हलवल्या. ती सुरुवातीची खूण. वादन संपवायचं असलं की तो पुन्हा घंटांकडे वळायचा. ‘मार्स’च्या प्रारंभी हा किणकिणाट स्पष्ट ऐकू येतो, आणि एकदा ही युक्ती कळली की ऐकताना मोठी मदत होते. आत शिरायचं आणि बाहेर पडायचं दार तेवढं ठरलेलं, मधलं सगळं त्या क्षणी घडणारं.

सॅक्सोफोन आणि ड्रम्स एवढ्यांनीच वाजवणं कोल्ट्रेनला नवीन नव्हतं. एल्व्हिन जोन्ससोबत मैफलीत अशी लांबलचक दोघांची वळणं यायची, १९६५ मधली ‘व्हिजिल’ ही रचना तर फक्त त्या दोघांची आहे. पण तिथे जोन्सच्या हाताखाली कितीही वादळ असलं तरी मात्रेचं भान घट्ट असे. अलीसोबत तेही गेलं. कॉर्ड गेली, बासचा सूर गेला, आवर्तन गेलं, सम गेली.

ठेका नाही, लय आहे

इथे मराठी श्रोत्याला एक सोय आहे. ताल आणि लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या संगीतात पक्कं मानलेलं आहे. तालात न बांधलेल्या गायनाला जुन्या ग्रंथांनी ‘अनिबद्ध’ असं नाव देऊन मानाची जागा दिली. धृपदाच्या आलापीत पखवाज गप्प असतो, तरी गायकाच्या बोलांना गती असते आणि ती गती हळूहळू वाढताना कळते. अलीचं वादन ऐकताना हेच भान कामाला येतं. पत्र्यावर पडणाऱ्या पावसात ठेका शोधला तर सापडत नाही, पण सर कधी आली, कधी जोर धरला, कधी ओसरली हे घरातल्या प्रत्येकाला कळतं. अलीच्या झांजा आणि ढोल तसे वाजतात. मोजायला गेलं की हाताला लागत नाहीत, पण दाटी, वेग आणि उतार अगदी स्वच्छ ऐकू येतात.

फरकही मोठा आहे. आलापीला तानपुऱ्याचा षड्ज असतो आणि रागाचं कुंपण असतं. इथे षड्ज धरणारं कोणी नाही. मग कोल्ट्रेन स्वतःला कशाला बांधून ठेवतो? तीन-चार स्वरांच्या लहान आकृतीला. ती आकृती तो एका पट्टीत म्हणतो, लगेच दुसऱ्या पट्टीत, उलटी करून, तोडून, पुन्हा जोडून. संगीतज्ञ लुइस पोर्टर यांनी आपल्या कोल्ट्रेनवरच्या ग्रंथात ‘व्हीनस’चं तपशीलवार विश्लेषण करून दाखवलं आहे की वरवर मुक्त वाटणाऱ्या या वादनात आकृत्यांची शिस्त आतपर्यंत भरलेली आहे. ‘जायंट स्टेप्स’मध्ये पट्ट्यांच्या उड्या आधी लिहिलेल्या होत्या, इथे त्या वाजवता वाजवता घेतल्या जातात. आठ वर्षांपूर्वीचा अभ्यास वाया गेलेला नाही, तो हाडीमाशी भिनला आहे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या जागांची. कोल्ट्रेन खर्जातला एक तुकडा वाजवतो आणि श्वासही न घेता दोन सप्तकं वर उडी मारून त्याचं उत्तर देतो, मग पुन्हा खाली. एकाच वाद्यातून दोन माणसं बोलत असल्याचा भास होतो. सॅक्सोफोनची नळी नरसाळ्यासारखी रुंदावत जाते, म्हणून फुंक आणि ओठांचा दाब बदलला की तोच स्वर सप्तकभर वर उडतो. त्याच्याही पलीकडे गेलं की वरचे उपस्वर सुटे होतात, कधी दोन-तीन एकत्र चिरकतात. ज्याला पहिल्यांदा ऐकणारा किंकाळी म्हणतो, ती या उपस्वरांवरची हुकमत आहे. हा उपस्वरांचा खेळ कोल्ट्रेन १९५९ पासून करत होता.

चारही रचनांचा स्वभाव वेगळा आहे. ‘मार्स’ सर्वांत उग्र. घंटांमागून ढोलांचा लोंढा येतो आणि सॅक्सोफोन त्यावर तुटून पडतो. सुमारे अकरा मिनिटं उसंत नाही. त्यानंतरची ‘व्हीनस’ साडेआठ मिनिटांची. अली काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतो आणि कोल्ट्रेन एक संथ, विलक्षण गोड धून म्हणतो. हीच धून त्याने आठवडाभर आधी, १५ फेब्रुवारीला, अॅलिस, गॅरिसन आणि अली यांच्यासह वाजवली होती. ते ध्वनिमुद्रण १९९५ मध्ये ‘स्टेलर रीजन्स’ नावाने प्रसिद्ध झालं. दोन्ही लागोपाठ ऐकली की पियानो आणि बास काढून घेतल्याने नेमकं काय बदलतं हे एका बैठकीत समजतं. पियानो असताना धून कुठेतरी टेकते. तो गेल्यावर ती अधांतरी राहते, आणि तिला सांभाळायला फक्त ब्रशची सळसळ उरते. ‘ज्युपिटर’ सर्वांत छोटी, साडेपाच मिनिटांची. शेवटची ‘सॅटर्न’ साडेअकरा मिनिटांची. ती एकट्या ड्रम्सने सुरू होते, आणि इतर तिघींपेक्षा तिच्यात जुन्या जॅझचा झोका जास्त जाणवतो.

ग्रहांची जुनी ओढ

संगीत आणि ग्रह यांची सांगड फार जुनी आहे. योहानेस केप्लरने १६१९च्या ‘हार्मोनिसेस मुंडी’ या ग्रंथात प्रत्येक ग्रहाच्या सूर्याभोवतीच्या सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गतीचं गुणोत्तर काढून ते स्वरांतरांशी जुळवलं. मंगळाचं गुणोत्तर त्याला सुमारे दोनास तीन आढळलं, म्हणजे षड्ज-पंचमाचं अंतर. शनीचं चारास पाच, षड्ज ते शुद्ध गंधार. शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असल्याने त्याचा स्वर हलतच नाही म्हटलं तरी चालेल. ग्रहांच्या कक्षेचा वर्ग-घनाचा प्रसिद्ध नियमही याच ग्रंथात आहे. विसाव्या शतकात गुस्ताव होल्स्टने ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना केली. तीही मंगळ आणि शुक्र यांपासूनच सुरू होते.

जॅझमध्ये अवकाशाचा ध्यास सर्वांत आधी आणि सर्वांत चिवटपणे धरला तो सन राने. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला १९१४ साली जन्मलेला हा कलावंत आपण शनी ग्रहावरून आलो असं सांगे. आपल्या वाद्यवृंदाला त्याने ‘आर्केस्ट्रा’ म्हटलं आणि ‘एल सॅटर्न’ या स्वतःच्या कंपनीच्या तबकड्या काढल्या. त्यातल्या कित्येकांची कव्हरं वादकांनी हाताने रंगवलेली असत. वंशभेदाने पिचलेल्या देशात कृष्णवर्णीय माणसाने पृथ्वीबाहेरचं नागरिकत्व सांगणं हे मोठं राजकीय विधान होतं. त्याच्या वृंदातला सॅक्सोफोनवादक जॉन गिलमोर याच्या वादनाने कोल्ट्रेन प्रभावित झाला होता.

कोल्ट्रेनची ओढ वेगळी होती, अधिक आतली. त्याला आइन्स्टाइनविषयी कुतूहल होतं. संगीतकार डेव्हिड अॅमरम यांनी आठवण सांगितली आहे की पन्नासच्या दशकात त्यांच्या भेटीत कोल्ट्रेन सूर्यमालेच्या रचनेविषयी भरभरून बोलला होता. पुढे त्याने स्वरांच्या परस्परनात्यांची एक वर्तुळाकार आकृती काढून मित्र युसेफ लतीफला दिली, आणि लतीफने ती आपल्या स्वरमालांच्या पुस्तकात छापली. या शोधात भौतिकशास्त्र, ज्योतिष आणि अध्यात्म एकमेकांत मिसळले होते. त्याचा विश्वास होता की सृष्टीत एक सुसंगती आहे आणि वाद्यावर मेहनत करत राहिलं की तिच्या जवळ जाता येतं.

तो काळही अवकाशाचा होता. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ने मंगळाजवळून जाताना पाठवलेल्या छायाचित्रांत खड्ड्यांनी भरलेली उजाड जमीन दिसली आणि कालव्यांचं जुनं स्वप्न संपलं. या ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम महिनाभर आधी, २७ जानेवारी १९६७ रोजी, ‘अपोलो १’च्या कुपीला जमिनीवरच आग लागून तीन अंतराळवीर गेले. तेव्हा मंगळ आणि शुक्र यांच्याजवळून यानं जाऊन आली होती. गुरूजवळ पहिलं यान, ‘पायोनियर १०’, पोचलं ते डिसेंबर १९७३ मध्ये, तबकडी बाजारात यायच्या थोडं आधी. शनीजवळ ‘पायोनियर ११’ गेलं १९७९ साली. चार ग्रहांची ही तबकडी झाली तेव्हा त्यातले दोन ग्रह माणसाच्या यंत्रांनी अजून जवळून पाहिलेलेच नव्हते.

खाचेतलं संगीत

हे संगीत मुळात एलपीवर आलं, आणि एलपीच्या मर्यादांनी त्याला आकार दिला. १२ इंची एलपी मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित जास्त फेरे घेते. या तबकडीच्या एका बाजूला सुईचे सुमारे सहाशे फेरे होतात. ती सगळी खाच सरळ केली तर साधारण चारशे मीटर भरेल. खाचेला दोन भिंती असतात, काटकोनात एकमेकींकडे कललेल्या. एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. खर्जाचा स्वर खाचेला फार रुंद हेलकावा देतो, म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि टिपेचे स्वर वाढवतात. वाजवताना अॅम्प्लिफायर नेमकं उलट करतो. पन्नासच्या दशकापासून हे माप सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरलं.

फेऱ्यांची संख्या कायम, पण कडेला वर्तुळ मोठं आणि आत लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम वीस-एकवीस. सेकंदाला दहा हजार कंपनांच्या झांजेच्या आवाजाचे वीस तरंग कडेला मिलिमीटरभर जागा घेतात, तर आतल्या बाजूला तेवढ्याच जागेत जवळजवळ पन्नास तरंग कोंबावे लागतात. म्हणून बाजूच्या शेवटाला आवाज खरखरण्याचा धोका असतो. पहिल्या बाजूचा शेवट ‘व्हीनस’च्या हळुवार ब्रशवर होणं सुईच्याही पथ्यावर पडतं. ‘सॅटर्न’चा गजर मात्र थेट लेबलपर्यंत जातो आणि तिथे सुई चांगली असावी लागते.

त्या दिवशी वाजवलेल्या ‘लिओ’ आणि ‘ज्युपिटर व्हेरिएशन’ या दोन रचना एलपीत बसल्या नव्हत्या. त्या १९७८ मध्ये वेगळ्या तबकडीवर आल्या, आणि पुढे सीडीवर सहाही एकत्र आल्या. दस्तऐवज म्हणून सीडी पूर्ण आहे. ऐकण्यासाठी मला मूळ चार रचनांची मांडणी जास्त पटते. मंगळाचा कल्लोळ, शुक्राची शांती, मग उठून तबकडी उलटायची. त्या अर्ध्या मिनिटात कान निवतो. इतक्या दाट संगीताला असा विसावा हवाच.

ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात खरोखर पोचलेली तबकडी मात्र दुसरी आहे, आणि तिच्यावर आपल्या मातीतला आवाज आहे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची १२ इंची तबकडी पाठवली गेली. तिच्यावर लुई आर्मस्ट्राँगचं ‘मेलंकली ब्लूज’ आहे आणि गोव्यातल्या केरीच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला निघालं आणि अकराच दिवसांनी केसरबाईंचं निधन झालं. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्रातून बाहेर पडलं. कोल्ट्रेनने ज्याचं नाव घेतलं त्या अवकाशात आज जॅझ आणि खयाल गायकीचा आवाज एकाच खाचेतून प्रवास करत आहेत.

कसं ऐकावं

सुरुवात ‘व्हीनस’पासून करावी. धून गुणगुणता येईपर्यंत ऐकावी, मग ती कुठे मोडते, कुठे परतते ते शोधावं. पुढच्या वेळी सॅक्सोफोन सोडून फक्त अलीचे हात ऐकावेत. तिसऱ्यांदा दोघांच्या मधली जागा ऐकावी: कोण कोणाला पुढे ढकलतो, कोण थांबून वाट देतो. मग ‘मार्स’कडे वळावं. आवाज बराच मोठा ठेवावा, कारण उपस्वर बारीक आवाजात मरतात. पाठीमागे लावून दुसरं काम करत ऐकायचं हे संगीत नाही. वादकांनी जेवढं लक्ष दिलं तेवढंच ते ऐकणाऱ्याकडे मागतं.

या तबकडीनंतर सॅक्सोफोन आणि ड्रम्सची जोडी हा एक स्वतंत्र प्रकारच झाला. खुद्द अलीने फ्रँक लोसोबत असं वादन केलं, न्यूयॉर्कच्या सोहो भागात ‘अलीज अॅली’ हे आपलं ठिकाण काढून अशा संगीताला छप्पर दिलं, आणि २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वाजवत राहिला. १९९९ मध्ये गिटारवादक नेल्स क्लाइन आणि ड्रमर ग्रेग बेंडियन यांनी याच रचना पुन्हा वाजवून तबकडी केली. आधी न लिहिलेलं, तालमीवाचून घडलेलं संगीत पुढच्या पिढीला संहितेसारखं वाटावं, ही त्यातल्या बांधणीची सर्वांत मोठी पावती.

मोकळीक म्हणजे जबाबदारीतून सुटका, असा समज कलेत आणि कलेबाहेरही रूढ आहे. साच्यात वाजवणारा चुकला तर साचा त्याला सावरतो. ‘इंटरस्टेलर स्पेस’मध्ये सावरायला समोरच्या माणसाच्या कानाखेरीज काहीच नाही. म्हणून इथे प्रत्येक स्वराचं ओझं वाढलं आहे, आणि दोघांनी ते छत्तीस मिनिटं एकमेकांच्या भरवशावर पेललं आहे. जो हे संगीत गोंगाट म्हणून टाकून देतो, तो माणसाने माणसाला ऐकण्याचा एक अत्यंत कठोर आणि प्रेमळ नमुना गमावतो.